फवारणीचे कपडे व रेनकोट : धुलाई आणि निगा

नांदेड जिल्ह्यातील कपाशी आणि लातूर जिल्ह्यातील सोयाबीन जुलैपासून फवारणीला येते. पुढे तूर व हरभऱ्यावरील घाटेअळीमुळे डिसेंबर-जानेवारीपर्यंत पाठीवरचा पंप उतरत नाही. कोणते औषध, किती मात्रेत व केव्हा फवारावे याची चौकशी आपण आवर्जून करता. फवारताना अंगात काय घालावे याबद्दलही आता बरीच जागृती झाली आहे. परंतु फवारणी संपल्यावर त्या कपड्यांचे काय करावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रेनकोट गोठ्यातल्या खुंटीला, हातमोजे पंपाच्या टाकीवर आणि शर्ट-पायजमा घरच्या धुण्याच्या ढिगात, असा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो.

पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. माणसाच्या उंचीची दाट कपाशी आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही त्यामागची दोन कारणे त्या वेळी पुढे आली. म्हणून कपडे घेणे आवश्यक आहेच. पण न धुतलेला संरक्षक कपडा हा स्वतःच विषाचा साठा असतो, हे ध्यानात घ्यावे.

कपड्यातून विष अंगात कसे जाते?

विषबाधा फक्त नाकातोंडातून होते असा समज आहे. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात औषधाचा मोठा भाग कातडीवाटे शिरतो. अंगाच्या सर्व भागांची शोषणशक्ती सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या प्रयोगात, कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळातून सुमारे ४ पट, काखेतून ७ पट आणि जांघेतून ११ पटींहून अधिक शोषण आढळले. गळक्या पंपाचे द्रावण पाठीवरून कमरेपर्यंत ओघळते आणि ओली विजार दिवसभर जांघेला चिकटून राहते. त्यातला धोका यावरून समजेल. भाद्रपदातल्या उन्हात घाम आला की हे शोषण आणखी वाढते.

जो कपडा औषध अंगापर्यंत जाऊ न देता अडवतो, तोच ते धरूनही ठेवतो. तसाच कपडा दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला की कालचे विष आजच्या घामात उतरते. तोच कपडा घरच्या धुण्यात मिसळला तर विष लहान मुलांच्या कपड्यांना आणि धुणाऱ्या गृहिणीच्या हातांना लागते. वास गेला म्हणजे विष गेले, असेही समजू नये.

कपड्यांची निवड

कीटकनाशक कायदा १९६८ खालील १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. अंगभर बाह्य कपडा व टोपी, निम्म्या कोपरापर्यंत येणारे व द्रव आत न जाऊ देणारे हातमोजे, चष्मा आणि बूट असा हा पोशाख आहे. कपडा औषधाला अडवणारा तर असावाच, शिवाय प्रत्येक वापरानंतर विष काढून टाकता येईल असा धुण्याजोगा असावा, असेही त्यात म्हटले आहे. यावरून पुढील गोष्टी ठरतात.

१) आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट व पायजमा आणि त्यावर प्लास्टिकचा किंवा आतून लेप दिलेला नायलॉनचा रेनकोट घालावा.

२) फवारणीचा रेनकोट वेगळा ठेवावा. पावसात बाजाराला जाण्यासाठी किंवा मुलांना शाळेत सोडण्यासाठी तो वापरू नये. दोन्ही रंगांनी वेगळे असल्यास घोटाळा होत नाही.

३) पावसात गोणपाटाची खोळ किंवा घोंगडी चालते, फवारणीत चालत नाही. गोणपाट व लोकर द्रावण शोषून घेतात. चामडी चप्पल किंवा बुटात मुरलेले औषधही धुऊन निघत नाही.

४) हातमोजे नायट्राइल रबराचे व आतून कापडी अस्तर नसलेले असावेत. अस्तरात शिरलेले औषध धुता येत नाही.

५) विजार गमबुटाच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ओघळ बुटात जात नाही. सोयाबीनसारख्या बुटक्या पिकात बाही हातमोज्यावर ओढावी. छातीच्या वर वाढलेल्या कपाशीत किंवा तुरीत हात वर जातात, तेव्हा बाही हातमोज्याच्या आत खोचावी.

घरात येण्यापूर्वी

फवारणी संपताच हातमोजे न काढता ते साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवावेत. मग गमबूट व रेनकोट बाहेरून धुऊन काढावेत, हातमोजे पुन्हा धुवावेत व सर्वांत शेवटी काढावेत. शेतात किंवा घरामागे एक बादली, साबण व धुतलेले कपडे आधीच ठेवावेत. आंघोळ करूनच घरात जावे. तोवर पाणी, तंबाखू वा विडीला हात लावू नये. हे पाणी विहीर, ओढा, आड किंवा जनावरांच्या हौदाजवळ सोडू नये.

सुती कपडे धुण्याची पद्धत

१) कपडे त्याच दिवशी धुवावेत. जितका उशीर तितके औषध धाग्यात मुरते.

२) घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. धुईपर्यंत वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवावेत. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने हे काम करू नये. ज्याने फवारणी केली त्यानेच कपडे धुणे सर्वांत चांगले.

३) प्रथम साध्या पाण्यात खळबळून ते पाणी टाकून द्यावे. नंतर धुण्याची पावडर किंवा द्रव साबण टाकलेल्या कडक गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत व काठीने ढवळावेत. प्रवाही औषधांत तेलकट द्रावक असतो; तो थंड पाण्याने सुटत नाही. पाण्यात मिसळणारी भुकटी त्या मानाने लवकर निघते.

४) दगडावर आपटू नयेत, शिंतोडे अंगावर येतात. साबणाच्या दुसऱ्या पाण्यातून काढून स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळावेत.

५) धुण्याच्या सोड्याने काही सेंद्रिय फॉस्फरस औषधे मोडतात, पण सगळी नाहीत. त्यामुळे केवळ सोड्यावर विसंबू नये. ब्लीचिंग पावडर तर वापरूच नये.

६) वॉशिंग मशीन असल्यास थोडेच कपडे व भरपूर पाणी घ्यावे. नंतर साबण घालून मशीन एकदा रिकामे चालवावे.

७) दोरीवर कडक उन्हात वाळवावेत. पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी शर्ट-पायजम्याला खळ दिल्यास फायदा होतो. औषधाचा काही भाग खळीत अडकतो आणि पुढील धुण्यात खळीबरोबर निघून जातो.

रेनकोट, हातमोजे, गमबूट व मास्क

रेनकोटाचे पाणी अडवण्याचे काम त्याचा प्लास्टिक थर किंवा लेप करतो. उकळते पाणी, इस्त्री, ताराचा ब्रश, रॉकेल वा डिझेल यांनी हा लेप सुटतो, ताठरतो किंवा चिरतो. म्हणून सुती कपड्यांची रीत येथे लावू नये. कोमट पाण्यात साबण घेऊन मऊ कापडाने आधी बाहेरून व मग दुसऱ्या फडक्याने आतून पुसावे. गळपट्टी, काखेतील शिवण आणि खिसे यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे थेंब साचतात. साबणाचा अंश राहिल्यास नायलॉनच्या कापडावरून पाणी घरंगळत नाही, ते भिजू लागते. यासाठी भरपूर पाण्याने खळबळावे, पण पिळू नये. सावलीत, वाऱ्यावर, आतली बाजू बाहेर करून वाळवावा. मग उलटून पुन्हा वाळवावा. ओला घडी केल्यास बुरशी येते आणि थर एकमेकांना चिकटतात.

हातमोजे धुतल्यावर पाणी भरून दाबावे. कोठे थेंब दिसला तर तो जोड टाकून द्यावा. गमबूट आतूनही धुऊन उलटे ठेवावेत. कापडी मास्क रोज धुवावा. गाळणी असलेल्या मास्कची गाळणी मात्र धुऊ नये. ती काढून बाकीचा भाग धुवावा व माहितीपत्रकानुसार गाळणी बदलावी. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ओला झाला की औषध नाकाशीच धरून ठेवतो, म्हणून तो मास्कच्या जागी वापरू नये.

साठवण व वापर केव्हा थांबवावा

सर्व साहित्य वाळल्यावर खुंटीवर मोकळे टांगावे. औषधाच्या डब्यांजवळ, धान्याच्या खोलीत किंवा मुलांच्या हाताशी ठेवू नये. हंगाम संपल्यावर रेनकोट उजेडासमोर धरून छिद्रे व सुटलेल्या शिवणी पाहाव्यात.

मूळ औषध, म्हणजे पाणी न मिसळलेले द्रव, सुती कपड्यावर सांडून तो भिजला असेल तर धुण्याचा प्रयत्न करू नये. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर यात मुळीच तडजोड करू नये. असा कपडा फाडून, वस्ती व पाणवठ्यापासून दूर खोल पुरावा. त्याचे फडके करू नये आणि तो मजुराला देऊ नये.

त्रास जाणवल्यास

डोकेदुखी, मळमळ, जास्त घाम, लाळ सुटणे, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच फवारणी थांबवावी. आधी कपडे उतरवावेत, कारण ते अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहते. अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा लेबल रुग्णालयात बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरांना योग्य उपचार लवकर सुरू करता येतात.

सारांश, फवारणीचे काम पंप रिकामा झाल्यावर संपत नाही. कपडे धुऊन, वाळवून खुंटीला लागले म्हणजे संपते. मजूर लावून फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांनी रेनकोट व हातमोज्यांबरोबर साबण, पाणी आणि धुण्यासाठी अर्धा तासही मजुराला द्यावा आणि तो मजुरीतच धरावा.