विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना ‘पायलट बेअरिंग’ का विसरू नये?

जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवण्याचा छंद वाढतो आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला, की त्याऐवजी मॅन्युअल बसवण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. क्लच, पेडल, फ्लायव्हील यांची यादी तयार होते, पण अंगठ्याएवढे एक बेअरिंग त्यातून निसटते. ते चुकले, तर चढवलेला गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो.

पायलट बेअरिंग म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला मध्यभागी एक भोक असते. त्यात बसणारे छोटे बेअरिंग किंवा बुश म्हणजे पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लचप्लेटमधून पुढे येतो आणि त्याचे निमुळते टोक या बेअरिंगमध्ये टेकते. मागची बाजू गिअरबॉक्समधील बेअरिंग सांभाळते, पुढची बाजू हे. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत त्यालाच ‘स्पिगॉट बुश’ म्हणतात.

ते काम केव्हा करते?

क्लच सुटलेला असताना क्रँकशाफ्ट आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. त्या वेळी बेअरिंगच्या आत काहीच हालचाल नसते. क्लच दाबला, की इंजिन फिरत राहते आणि शाफ्ट मंदावतो किंवा थांबतो. दोघांच्या वेगातला हा फरक पायलट बेअरिंग झेलते. म्हणजे त्याचे खरे काम सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये आणि गिअर बदलताना होते.

ऑटोमॅटिक गाडीत ते का नसते?

तिथे क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे पुढचे नाक थेट क्रँकशाफ्टच्या भोकात बसून मध्य साधते, त्यामुळे बेअरिंगची गरज नसते. मॅन्युअल बसवताना मात्र ही जागा रिकामी आहे हे लक्षात घ्यावे लागते. काही इंजिनांत भोक तयार असते, फक्त बेअरिंग ठोकायचे असते. क्रायस्लरच्या काही जुन्या व्ही-8 इंजिनांत मात्र ऑटोमॅटिकसाठीच्या क्रँकला हे भोक पूर्ण कोरलेलेच नसे. त्यासाठी कन्व्हर्टरच्या मोठ्या खाचेत बसणारे वेगळे बेअरिंग वापरतात.

सर्वच गाड्यांना ते लागते का?

नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत इनपुट शाफ्ट आखूड असतो आणि गिअरबॉक्सच्या आतच त्याला दोन्हीकडे आधार मिळतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे ॲम्बेसेडर, जुन्या जीप यांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडच्या ‘एएमटी’ गाड्यांत मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा चालवते. त्या या चर्चेत येत नाहीत.

एकाच इंजिनाला दोन बेअरिंग कसे?

शेवरलेच्या ‘एलएस’ मालिकेचे उदाहरण बोलके आहे. 1997च्या कॉर्व्हेटपासून आलेली ही इंजिने अमेरिकेत अशा बदलांसाठी सर्रास वापरली जातात. त्यांच्या क्रँकला पायऱ्यांसारखी दोन भोके असतात: बाहेरचे सुमारे 43 मिमी व्यासाचे आणि आतले सुमारे 28 मिमीचे. दोन्हींसाठी वेगळी बेअरिंग मिळतात, पण शाफ्टचे टोक घेणारे आतले भोक दोन्हींत साधारण 15 मिमीचेच असते. शाफ्ट आखूड असेल तर बाहेरचे, लांब असेल तर आतले. चूक केली, तर टोक बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही किंवा जेमतेम कडेवर टेकते. व्यास जुळला म्हणजे काम झाले असे नाही, खोलीही मोजावीच लागते.

बुश घ्यावा की रोलर?

पितळी-कांस्य बुश स्वस्त असतो आणि किंचित वाकडेपणा सहन करतो. तो इंजिन ऑइलमध्ये भिजवून बसवतात, ग्रीस भरत नाहीत. रोलर बेअरिंग हलके फिरते, पण शाफ्टचे टोक कडक आणि गुळगुळीत हवे. टोकावर ओरखडे असतील तर रोलर लवकर जातो.

बसवताना काय काळजी घ्यावी?

आधी कॅलिपरने भोकाचा व्यास, शाफ्टचे टोक आणि लांबी मोजावी. भोक साफ करावे. बेअरिंग काही वेळ फ्रीजरमध्ये ठेवले तर सहज बसते. ठोकताना हातोडा बाहेरच्या कड्यावरच पडावा, त्यासाठी त्याच मापाचा पाइप किंवा सॉकेट घ्यावा. आतल्या कड्यावर घाव बसला, की नवे बेअरिंग जागीच खराब होते. सील असेल तर ते गिअरबॉक्सकडे ठेवावे. फ्लायव्हीलचे बोल्टही नवे घ्यावेत, कारण ऑटोमॅटिकच्या पातळ प्लेटचे बोल्ट वेगळ्या लांबीचे असतात.

गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा असेल तर बेलहाउसिंगचा मध्य डायल गेजने तपासावा. 0.005 इंच, म्हणजे 0.127 मिमी ही त्यासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. गिअरबॉक्स चढवताना तो शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. शेवटची फट बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. फट राहते आहे म्हणजे काहीतरी अडते आहे.

चुकले तर लक्षणे कोणती?

क्लच पूर्ण दाबून गिअरमध्ये गाडी उभी असताना किंचाळल्यासारखा आवाज आला, तर संशय पायलट बेअरिंगवर. पेडलवर पाय टेकताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये आवाज आला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर. पायलट बेअरिंग जाम झाले, तर क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहतो आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कठोर भूमिका घेतली. त्यामुळे पाना हाती घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करणे शहाणपणाचे. आणि गॅरेजमध्ये गाडी देताना मेकॅनिकला एक प्रश्न आवर्जून विचारावा: पायलट बेअरिंगचे माप घेतले का?