जोडी सुटल्याशिवाय दही जमत नाही

पहाटे साडेपाच. जऊळक्यातल्या माझ्या दुकानात दुधाचे कॅन येऊ लागतात, दूध बहुतेक म्हशीचं. लॅक्टोमीटर बुडवायचा, वास घ्यायचा, दूध कढईत.

सव्वासहा. खुरपं फिरवताना डोकं रिकामं असतं, तेव्हा डेअरी कॉलेजात शिकलेलं आठवतं. दुधाच्या निवळीतलं मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. 162 अमिनो आम्लांची साखळी, पण ताज्या दुधात ती एकटी क्वचितच राहते. एका रेणूच्या कडेची पट्टी दुसऱ्याच्या तशाच पट्टीला उलट दिशेनं चिकटते. 40 व्या जागेवरचं आर्जिनिन समोरच्याच्या 33 व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाला ओढून धरतं. सामू 3 च्या खाली गेला, की दोघांवर धनभार वाढतो आणि ती एकमेकांना ढकलतात. दुधाचं दही होताना सामू एवढा उतरत नाही. माझ्या दुकानात जोडी फोडते ती आचच. सत्तर अंशांपुढे घड्या उलगडतात आणि 121 व्या जागेवरच्या सिस्टीनचा आत दडलेला गंधक उघडा पडतो. तो दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या कणांना जाऊन बिलगतो. तापल्या दुधाचा वासही या गंधकाचाच.

नऊ. गिऱ्हाईक. "भाऊ, घरचं दही पातळच कावून लागते जी?"

"काकू, पिशवीचं दूध नुसतं कोमट करून विरजण लावता नं? खळखळून उकळा."

पिशवीचं दूध 72 अंशांवर जेमतेम 15 सेकंद तापलेलं असतं. तेवढ्यात बहुतेक रेणू शाबूत राहतात. नीट उकळलं तर उलगडलेली प्रथिनं केसिनशी जोडली जातात, दही पाणी धरून ठेवतं.

अकरा. पनीर. नव्वदपर्यंत तापवून, थोडं उतरवून सायट्रिक आम्ल. व्यायामशाळेतला एक पोरगा उरलेलं हिरवट पाणी मागतो, प्रोटीन म्हणून. मी देतो, पण सांगतोही: तुझं प्रोटीन पनीरमध्येच गेलं, यात मुख्यतः दुधाची साखर आणि क्षार. डब्यातली व्हे पावडर चीजच्या निवळीची. तिथं दूध इतकं तापवत नाहीत, म्हणून ही प्रथिनं निवळीत उरतात.

दुपार हिशेबात जाते. तिचं काय सांगायचं!

संध्याकाळी सात. बेचाळीस अंशांच्या आसपास विरजण. कुणाची म्हैस व्यायली असेल तर चीकही येतो. त्यात निवळीची प्रथिनं इतकी, की विरजण नको, लिंबू नको. गूळ-वेलदोडा घालून वाफेवर ठेवला की खरवस तयार. त्याची मागणी मात्र आधीच नोंदवावी लागते.