वेशीवरचा वीरगळ

गावात शिरताना वेशीजवळ किंवा महादेवाच्या देवळामागे काही उभे दगड आपण पाहिले असतील. त्यांवर आडवे कप्पे पाडलेले असतात आणि कप्प्यांत माणसे, घोडे, गाई कोरलेल्या असतात. कोठे त्यांना शेंदूर फासून देव केलेले असते, कोठे त्यांच्यावर धुणी आपटली जातात, तर कोठे ते पायरीला लावलेले असतात. ‘हे काय हो?’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘पांडवांच्या वेळचं आहे!’

अहो, पांडवांचा येथे काही संबंध नाही. हे वीरगळ आहेत. लढताना मेलेल्या माणसाची ही स्मारके. कन्नडात कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. महाराष्ट्रातले पुष्कळसे वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले मानले जातात. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडच्या बहुतेकांवर एक अक्षरही नाही. वीराचे नाव गेले, चित्र तेवढे उरले. म्हणून ते चित्र वाचायला शिकले पाहिजे.

पुस्तकाचे पान आपण वरून खाली वाचतो. वीरगळ खालून वर वाचायचा. कप्पे कधी तीन असतात, कधी चार, आणि त्यांची मांडणी थोडीफार बदलते. पण पुष्कळ ठिकाणी अगदी तळाला वीर आडवा पडलेला दिसतो. शेजारी गाई असतील, तर गावची गुरे सोडवताना तो पडला असे समजावे. त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई असते. म्हणजे पाहा, कारागीर आधी मरण सांगतो आणि ते कसे आले हे मागून सांगतो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई आहे. आणखी वर गेले की अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहील, असा त्यांचा अर्थ.

मरण दाखवण्याची ही रीत आपल्या मुलखात त्याहूनही जुनी आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. सुमारे ७ मीटर लांबीचे बुद्ध उजव्या कुशीवर शांत पहुडले आहेत. खाली शिष्य शोक करीत बसले आहेत, तर वर देवगण त्यांच्या स्वागताला जमले आहेत. धर्म वेगळा, काळ वेगळा, पण खाली माणसांचे दुःख आणि वर त्यापलीकडची आशा हा क्रम तोच. कलावंताने मरण लपवलेले नाही. त्याने ते पायाशी ठेवले आणि त्यावर पुढची चित्रे रचली.

वीरगळाशेजारी कधी कधी दुसरा दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला दिसतो. तो सतीचा दगड. नवऱ्यामागे जळालेल्या बाईचा चेहराही पुष्कळदा कोरलेला नसतो. हात आणि चुडा एवढीच तिची ओळख. ती चाल क्रूर होती. तिचा गौरव करायचा नाही. पण तो हात कोणा जित्याजागत्या बाईचा होता, हे विसरायचेही नाही.

आता मुद्द्याचे सांगतो. उघड्यावरचे हे दगड वर्षानुवर्षे मातीत रुततात आणि आधी गडप होतो तो तळाचा कप्पा. वरचा स्वर्ग दिसत राहतो; ज्या मरणासाठी दगड उभा केला, ते मरणच जमिनीखाली जाते. मग गावाला दिसतो तो नुसता हात जोडलेला देव. आपल्या गुरांसाठी किंवा आपल्या वेशीसाठी कोणी जीव दिला, ही गोष्ट बुजून जाते. नाव आधीच गेले होते; आता कामही जाते.

गुरुजींना माझी एक विनंती आहे. एखाद्या दिवशी मुलांना घेऊन आपल्या गावच्या वीरगळापाशी जावे. कप्पे खालून वर मोजावेत, मुलांकडून पाटीवर किंवा वहीत त्यांचे चित्र काढून घ्यावे. तळ मातीत असेल तर आपण होऊन खणू नये, दगड हलवू नये. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि धुणे धुणाऱ्या मावशीवर रागावू नये. दगडावर कोण आहे ते तिला कोणी सांगितलेलेच नसते. तिला तळाची ती गाय दाखवा, तिच्या शेजारी पडलेला माणूस दाखवा. गाय कशी राखावी लागते हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. उद्या ती आपणहून दुसरा दगड शोधील.