भिंत पांढरी केव्हा होते?

दिवाळीआधी दर्शनी भिंतीला चुन्याचा हात दिला, की साधे घरही उजळते. पण ओला चुना अगदी फिकट दिसतो. आम्हीही एकदा 'चुना पातळ झाला' असे समजून जाड थर दिला. महिन्याभरात त्याचे पापुद्रे सुटले.

असे का झाले? चुना ओला असताना त्याच्या कणांमध्ये पाणी असते. पाणी उडून गेले, की तिथे हवा शिरते. मग प्रकाश कितीतरी अधिक विखुरतो आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते. पुढे विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि थर घट्ट होतो. जाड थर मात्र वाळताना आकसून तडकतो. आतपर्यंत वायूही नीट पोचत नाही. म्हणून भिंत ओली करून दोन-तीन पातळ हात द्यावेत.

वर्गात हे पडताळता येईल. कौलाच्या तुकड्याला चुन्याचा हात द्या. (चुना आपणच विरवावा, तो उकळतो, डोळ्यांत उडू शकतो.) त्याच दिवशी आणि महिन्याने त्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे केव्हा जास्त येतात? ते कशाचे? उत्तर मुलांनाच शोधू द्या.