चिकूच्या वाडीतील पावसाळा

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून झाई हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथून दक्षिणेस बोर्डी व घोलवडपर्यंत चिकूच्या गर्द वाड्या दिसतात. चिकू मूळचा मध्य अमेरिकेकडचा. पण या किनाऱ्यावर तो असा रुजला की, २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ यास भौगोलिक मानांकन मिळाले.

आंब्याचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. चिकूचे तसे नाही. एकाच झाडावर कळी, कोवळे फळ आणि उतरविण्याजोगे फळ एकत्र नांदतात. फुलापासून फळ तयार होण्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे कोणताही ऋतू आला, तरी वाडीत काही ना काही पीक उघड्यावर असतेच!

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. झड लागली म्हणजे दाट पानांत ओल कोंडते, बुरशी धरते आणि हिरवी फळे सडून गळतात. म्हणून बागायतदार फांद्या विरळ करून ऊन आत येऊ देतो. मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारतो. परंतु फवारणी होताच मोठी सर आली, तर औषध धुऊन जाते. मग पुन्हा उघडिपीची वाट पाहणे आले.