रस्ता रुंद झाला, चालणाऱ्याचे काय?

सकाळी सात-साडेसातची वेळ. बीडच्या मोमीनपुऱ्यात जा, बशीरगंजला जा की बालेपीरला, चित्र एकच दिसते. अब्बांनी मोटारसायकल दारापुढे काढलेली. टाकीवर लहानगा, मागे दप्तर घेतलेली मुलगी, तिच्या मागे डबा सांभाळत अम्मी. एकाला शाळेत सोडायचे, एकीला स्टँडवर, आणि मग स्वतःचे काम गाठायचे. दारात उभी दादी म्हणते, "सावकाश जा रे बाबा." गाडी वळणाआड जाते. संध्याकाळी सगळे परत येईपर्यंत दादीचा अर्धा जीव रस्त्यावरच असतो.

आपल्या जिल्ह्याचे सारे जगणे रस्त्याने चालते. बीड शहराला परवापर्यंत रेल्वेच नव्हती. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरची गाडी सुरू झाली. तोवर नोकरी, कॉलेज, दवाखाना, लग्नकार्य, सगळे एसटीने, जीपने नाहीतर दुचाकीने. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी हजारो कुटुंबेही ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून याच रस्त्यांनी जातात. म्हणून रस्ता चांगला व्हावा ही मागणी आपण वर्षानुवर्षे केली. रस्ते झाले, होत आहेत. त्याचा आनंद आहेच. पण गेल्या काही महिन्यांत जे घडले, त्यानंतर आम्हाला एक प्रश्न सोडत नाही: हा रस्ता कोणासाठी झाला?

सहा आणि सहा

२६ मे २०२५ ची रात्र. गेवराईजवळ गढी येथे सोलापूर-धुळे महामार्गावर एक गाडी दुभाजकाला धडकली. ती बाहेर काढण्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली. तेवढ्यात मागून भरधाव ट्रक आला आणि सहा जणांचा जीव गेला.

३० ऑगस्ट २०२५. तोच महामार्ग, नामलगाव फाटा. सकाळी पेंडगावच्या मारुतीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांना कंटेनरने चिरडले. तेथेही सहा जण गेले.

तीन महिन्यांत एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर बारा माणसे. मृत्यूच्या वेळी त्यांच्यापैकी कोणीही गाडी चालवत नव्हते. कोणी मदतीला उतरले होते, कोणी पायी चालले होते. वेगाच्या रस्त्यावर पायांवर असलेले हे लोक होते, आणि हीच गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी.

वेगाचा साधा हिशेब

येडशी ते औरंगाबाद हा १८९ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला. चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गढी, गेवराई ही गावे या रस्त्यावर आली. पूर्वी बिंदुसरेच्या पुलावरून, शहराच्या पोटातून जाणारी अवजड वाहने वळणरस्त्याने बाहेर गेली. शहराने सुटकेचा श्वास टाकला.

पण रस्त्याच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला शेत, हे तर बदलले नाही. शाळा पलीकडे, पिण्याचे पाणी पलीकडे, एसटीचा थांबा फाट्यावर. माणसाला रस्ता ओलांडावाच लागतो. जिथे भुयारी मार्ग किंवा पूल जवळ नाही, तिथे तो दुभाजकातल्या फटीतून ओलांडतो.

आता हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. समोर माणूस दिसला हे चालकाला कळून पाय ब्रेकवर जायला दोन सेकंद लागले, तर ब्रेक लागायच्या आधीच वाहन ४४ मीटर पुढे आलेले असते. भरलेला कंटेनर तर त्यानंतरही बराच पुढे जाऊन थांबतो. आपल्याला वाटते, "गाडी अजून लांब आहे." ती लांब नसते.

म्हणून रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. फाट्यावर दिवा हवा, गावाजवळ सेवारस्ता हवा, ओलांडायला भुयारी मार्ग हवा, चालायला वेगळी कड हवी. डांबर आणि काँक्रीट हा रस्त्याचा अर्धा भाग झाला. या गोष्टी उरलेला अर्धा भाग आहेत.

मागायचे कसे?

आपल्याकडे अपघात झाला की रास्ता रोको होतो, दोन दिवस बातम्या येतात आणि विषय मिटतो. मागणी टिकवायची असेल तर कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो ते माहीत हवे.

राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि तिथे दुरुस्ती करणे यंत्रणेचे काम होते. म्हणून गावकऱ्यांनी आपल्या फाट्यावरच्या अपघातांची तारीखवार यादी ठेवावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. अर्ज तिच्याकडे द्यावा, पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याची. त्यातील कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कंत्राटदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवापुढे ही रक्कम काहीच नाही. पण अपघात म्हणजे नेहमी चालकाचीच चूक नसते, हे कायद्याने मान्य केले आहे. शहरात काम सुरू असताना रात्रभर उघडा राहिलेला खड्डा, दिवा नसलेला वळणमार्ग, पाटी नसलेला खडीचा ढीग दिसला तर फोटो काढा, तारीख लिहा, तक्रार करा. महामार्गाविषयी १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आपल्या गल्लीचा हिशेब

बोट दुसऱ्याकडे दाखवले की तीन बोटे आपल्याकडे वळतात. घर बांधताना वाळू आणि विटा महिनाभर रस्त्यावर कोण टाकतो? नळाचे कनेक्शन घेऊन झाल्यावर चारी न बुजवता कोण सोडतो? जुम्याच्या नमाजला उशीर झाला म्हणून मशिदीपुढे दुचाकी आडवी लावून कोण पळतो? लग्नाच्या मांडवासाठी गल्ली कोण अडवतो? अशा अडलेल्या गल्लीत कोणा आजारी माणसाची रिक्षा अडकली, तर जबाब कोणी द्यायचा?

रात्रीतून सिमेंटचा गतिरोधक घालणारेही आपणच. मुलांच्या काळजीपोटी घालतो, हे खरे. पण नियमातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, पावणेचार मीटर रुंद, पट्टे रंगवलेला आणि आधी पाटी लावलेला असतो. आपला उंच, अरुंद आणि बिनरंगाचा. अंधारात त्यावरून दुचाकी उडते आणि मागे बसलेली बाई पडते.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हाही ईमानचा एक हिस्सा आहे, हे आपण मक्तबमध्ये शिकलो. मग रस्त्यात दगड टाकणे काय ठरेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

घरातून निघण्यापूर्वी

सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. हेल्मेट उकडते, केस खराब होतात, "इथेच तर जायचे आहे", या सबबी सगळ्या घरांत सारख्या. मागे बसणाऱ्या अम्मीलाही हेल्मेट लागते. ते आयएसआय शिक्क्याचे असावे आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट धक्क्यासरशी उडून जाते.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर बसवलेले मूल म्हणजे अपघातात सर्वांत आधी आदळणारे मूल.

भगिनींसाठी एक खास गोष्ट. बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या चाकात अडकून होणारे अपघात आपल्याकडे नवे नाहीत. मागचे चाक निदान अर्धे झाकणारी जाळी प्रत्येक मोटारसायकलला असावी, असा नियमच आहे. शोभेसाठी ती काढू नका. बसण्यापूर्वी बुरख्याचा घेर आवरून घ्या, ओढणीची टोके खोचून घ्या. फजर, इशा किंवा तरावीहला अंधारात चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला आणि हातात मोबाईलचा दिवा चालू ठेवा. काळे कपडे रात्री चालकाला जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

आणि चौदा-पंधरा वर्षांच्या लाडक्याच्या हाती किल्ली देऊ नका. इफ्तारच्या आधी "पटकन बर्फ घेऊन ये" म्हणून आपणच त्याला पाठवतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, असा कायदा आहे. कायद्याचे जाऊ द्या; ईदचा नवा जोडा घरात तसाच पडून राहिला तर त्या घराचे काय होते, हे सांगायला नको.

चारचाकीत मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. आपल्या जिल्ह्याचे खासदार आणि केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गेले, ते गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असतानाच. मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा तेव्हा देशभर झाली आणि पुढे विरून गेली.

अपघात झालाच तर

महामार्गावर गाडी बंद पडली किंवा धडकली, तर गढीची रात्र आठवा. चारही इंडिकेटर लावा, मागे लांबवर त्रिकोणी खूण ठेवा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या. गाडीशी खटपट करत रस्त्यात उभे राहू नका. १०३३ किंवा ११२ ला फोन करा, जखमी असेल तर १०८ ला.

जखमीला उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. पहिला तास फार मोलाचा असतो. मे २०२५ पासूनच्या योजनेत अपघातग्रस्तावर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता होऊ शकतात; दाखल करतानाच विचारा. धडक देऊन वाहन पळून गेले आणि ते सापडले नाही, तरी मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. ही माहिती नसल्याने कितीतरी गरीब घरे अर्जच करत नाहीत.

रस्ते आणखी होतील, आणखी रुंद होतील. होवोत. प्रत्येक नव्या रस्त्याच्या कामाला आपण एकच प्रश्न विचारत राहू: इथून एक म्हातारी एकटी पलीकडे जाऊ शकेल का? तिला जाता आले, तर तो रस्ता सगळ्यांसाठी झाला असे समजावे. आणि उद्या सकाळी दादी दारात "सावकाश जा" म्हणेल, तेव्हा मान डोलावून निघून जाऊ नका. थांबा, हेल्मेटचा पट्टा लावा, मग निघा. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी परत आणो.