लांबचा रस्ता, पण लवकर!

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जायचे, तर पूर्वेकडे निघावे की पश्चिमेकडे? वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते. म्हणून तुमच्यापैकी पुष्कळजण पश्चिमेकडे बोट दाखवतील. एअर इंडियाचे विमानही पूर्वी तसेच, अटलांटिक महासागर ओलांडून जात असे. हा मार्ग सुमारे १३,९०० कि.मी. लांबीचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र ते उलट दिशेने, जपान व पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० कि.मी. झाले आणि प्रवासाचा वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला!

गंमत म्हणजे यांपैकी एकही मार्ग सर्वांत जवळचा नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. तो हिमालय ओलांडून उत्तरेकडे जातो, सैबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरील दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर असे 'बृहद्‌वृत्ता'च्या कंसावर मोजतात. हा दोरा विषुववृत्ताच्या लांबीशी ताडून पाहा. तो तिच्या सुमारे ०.३१ पट भरेल. पृथ्वीचा परीघ ४०,००० कि.मी. धरला, तर अंतर येते १२,४०० कि.मी.

पण दोऱ्याला जे जमते ते विमानाला जमतेच असे नाही. विमानातील हवेचा दाब अचानक घटला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला सुमारे ३ कि.मी. उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठार तर ४ कि.मी.हून उंच! म्हणून विमाने शक्यतो ते टाळतात.

आता वेळेचे गणित करू. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० कि.मी. असतो. १५,३०० ला ९०० ने भागले की उत्तर येते १७ तास. प्रत्यक्षात विमान पोहोचले साडेचौदा तासांत. मधले अडीच तास गेले कुठे?

ते वाऱ्याने वाचवले. विमानाचा ताशी ९०० कि.मी. हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो. ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीच्या संदर्भातला वेग तेवढा वाढतो. नदीच्या प्रवाहाबरोबर होडी झपाट्याने जाते, तसेच हे. साडेचौदा तासांचा हिशेब केला तर सरासरी वेग ताशी १,०५५ कि.मी. निघतो. म्हणजे वाऱ्याची देणगी ताशी दीडशे कि.मी.ची!

साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या या वेगवान वाऱ्यांना 'जेट प्रवाह' म्हणतात. उष्ण व थंड प्रदेशांच्या तापमानांतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांतून ते निर्माण होतात. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात आकाशात फुगे सोडून त्यांचा वेग मोजला होता. साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. वाचणारे मात्र फारसे भेटले नाहीत.

मग परत येताना हाच वारा समोरून येणार नाही का? २०१७ साली सर्व महिला कर्मचारी असलेले एअर इंडियाचे विमान पॅसिफिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. परतताना ते आल्या वाटेने वळलेच नाही. अटलांटिक ओलांडत ते पुन्हा पूर्वेकडेच निघाले आणि पृथ्वीला पुरती प्रदक्षिणा घालून दिल्लीला उतरले.